वन्संचं अकाउंट

त्या इमारतीत कुणाचं कॉम्प्युटरवरचं अकाउंट अडलं, की माणसं आधी ऑपरेटरबाईंचं दार वाजवत आणि मग दुकानात फोन करत. बहुतेकदा फोन करायची पाळीच येत नसे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दर थोड्या दिवसांनी पासवर्ड विसरत आणि दर वेळी नव्याने शरमत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी एकदा मोठ्या अक्षरांचं बटण चुकून दाबून ठेवलं आणि आपलं अकाउंट कुणीतरी पळवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. असा निरोप आला, की ऑपरेटरबाई गॅस बंद करत, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवत आणि जिन्याला लागत.

"डॉक्टर, लोकांच्या तोंडातला एकेक दात तुमच्या लक्षात राहतो," त्या म्हणत, "आणि स्वतःची चार अक्षरं राहत नाहीत?"

"दात समोर दिसतात हो बाई. इथे नुसते ठिपके दिसतात."

कॉम्प्युटर त्या कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं, दिवा लागला की दोरी उचलायची, नंबर विचारायचा, जोडून द्यायचा आणि पलीकडून आवाज आला की खटका ओढून आपला कान बाजूला करायचा. त्या खटक्यासाठीच आपल्याला पगार मिळायचा, असं त्या सांगत. पुढे बोर्ड जाऊन यंत्रं आली, तेव्हा बरोबरीच्या बायका कुरकुरल्या. बाईंनी मात्र यंत्राशीही जुन्या गिऱ्हाइकासारखं वागायला सुरुवात केली. ते काय म्हणतंय ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, मध्येच तोडायचं नाही आणि आपण चिडायचं नाही. निवृत्त झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरलाही त्यांनी हीच रीत लावली आणि तोही त्यांच्याशी बरा वागू लागला.

त्यांच्या कामाचे दोनच नियम होते. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. पासवर्ड ज्याचा त्याने टाइप करायचा, तेवढ्या वेळात बाई पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहत. आणि "तुम्ही काय केलंत?" असं कधी विचारायचं नाही. तसं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस "मी काहीच केलं नाही" म्हणतो. त्यापेक्षा "शेवटचं नीट चाललं होतं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?" असं विचारलं, की तोच माणूस आपण होऊन सगळं ओकतो.

घरी त्या आणि त्यांची धाकटी नणंद अशा दोघीच होत्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. बाई नणंदेला पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणत, आणि आता दोघींच्या केसांत काळं शोधावं लागत असलं तरी वन्संच म्हणत. वन्संनी लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी विणकाम शिकवलं होतं. आधी मुलींना शिकवलं, मग त्या मुलींच्या मुलींना. हातात सुया नाहीत अशा वन्सं फक्त झोपेत दिसत. जीभही सुयांइतकीच टोकदार.

"वहिनी, आज कुणी आलं नाही वाटतं पासवर्ड विचारायला?" बाई घरात सापडल्या की त्या म्हणत. "नाही म्हणजे, आपलंही जेवण आज वेळेवर होईल."

"तुमच्या स्वेटरच्या बाह्या झाल्या की वाढते."

मागच्या खोलीत खिडकीजवळ कॉम्प्युटर होता. बाईंचा नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. घरी आल्यावरही रेघा ओढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून त्याने तो घेतला होता. त्यातलं पहिलं अकाउंट त्याच्या नावाचं. तो गेल्यावर वन्संनी शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा बाईंनी तेच अकाउंट त्यांना दिलं. सुरुवातीच्या पडद्यावर वन्संचं नाव टाकलं आणि वर लोकरीच्या गुंडीचं चित्र लावलं. आत, यंत्राच्या पोटात, त्या अकाउंटचं सगळं सामान ज्या फोल्डरमध्ये राहतं त्याला मात्र नवऱ्याचंच नाव राहिलं. त्या फोल्डरचं नाव बदलायचं नसतं, हे बाईंना ठाऊक होतं. ते एक कारण. आणि कधी काही दुरुस्त करताना ते नाव समोर आलं, की त्यांना बरं वाटे. हे दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

वन्सं कॉम्प्युटरवर काय करत, तर विणत. हिशेबासाठी लोक चौकटीचौकटीचं पान वापरतात, ते त्यांनी नक्षीसाठी वापरलं. एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट टाक्याची चौकट पांढरी ठेवायची, उलट टाक्याची रंगवायची. आयुष्यभर बसवलेले नमुने त्यांनी असे एकेक करून उतरवले: बाळाचं टोपडं, शाळेचा बिनबाह्यांचा स्वेटर, पानांची वेल असलेली शाल, आणि खांद्यावर जोड न येणारी ती बाही, जी पूर्वी त्यांच्याखेरीज कुणालाच जमत नसे. एक नमुना उतरवून झाला, की त्याचा जुना पिवळा कागद त्या फाडून टाकत. "एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली, की घराचं गोदाम होतं," असं त्यांचं म्हणणं. बाई एकदा म्हणाल्या होत्या, की दुसरी प्रत असावी. वन्संनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता त्या नमुन्यांचं पुस्तक होणार होतं. बाजारातला लोकरवाला ते छापणार होता. आधी त्याने वानगीदाखल एक फाईल नेली, ती त्याला पसंत पडली, आणि बाकीच्या न्यायला तो त्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

त्याच दिवशी सकाळी चहा झाल्यावर मागच्या खोलीतून हाक आली.

"वहिनी, इकडे ये जरा."

हाक नेहमीपेक्षा हळू होती. बाई हात पुसत गेल्या. वन्सं खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. पडदा निळा आणि रिकामा. गुंडीचं चित्र नाही, फायली नाहीत, काही नाही. भाडेकरू सामानासकट सोडून गेल्यावर खोली दिसते तसं. कोपऱ्यात एक ओळ होती: तुम्ही तात्पुरत्या अकाउंटमध्ये आहात, इथे ठेवलेलं काहीही बाहेर पडताच पुसलं जाईल.

"कुठे गेलं गं सगळं?" वन्सं म्हणाल्या.

बाईंचा आवाज एक्स्चेंजमधलाच निघाला. "कुठे जातंय? लपलं असेल. आधी कशालाही हात लावू नका. शेवटचं नीट चाललं होतं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"विणत होते."

"कॉम्प्युटरवर?"

"सुयांवर." वन्संनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "मी काही केलेलं नाही."

बाईंनी यंत्र बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. वन्संनी पासवर्ड टाकला, बाईंनी पाठ फिरवली. पुन्हा तोच निळा पडदा. पासवर्ड चुकला असता तर यंत्राने दारातच अडवलं असतं, म्हणजे दोष पासवर्डचा नव्हता. कचऱ्याची टोपली उघडून पाहिली, तीही रिकामी. वन्सं खुर्चीमागे उभ्या होत्या आणि हातातली लोकर बोटाला गुंडाळून पुन्हा सोडत होत्या. सुया न चालवता त्यांना लोकर धरलेली बाईंनी पहिल्यांदाच पाहिली.

"ती शालीची वेल मला आता आठवायची नाही," वन्सं एकदम म्हणाल्या. "टोपडं येईल. बाही कदाचित येईल. वेल गेली तर गेली."

"गेली कुठे? बसा तुम्ही."

बाईंनी आता स्वतःच्या अकाउंटमधून आत जायचं ठरवलं. घरात यंत्राचा कारभार त्यांच्याच अकाउंटकडे होता. तिथून सगळ्यांची फोल्डरं ओळीने दिसत. त्यांनी ती यादी उघडली आणि नेहमीच्या जागी नवऱ्याचं नाव शोधलं.

ते नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. बाईंचं स्वतःचं होतं, पाहुण्यांसाठी केलेलं होतं, यंत्राने घाईघाईत उभं केलेलं तात्पुरतं होतं, आणि एक वन्संच्या नावाचं होतं. हे शेवटचं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या ते उघडायला गेल्यावर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. आकार विचारला तर शून्य दाखवला.

बाई खुर्चीत जरा मागे रेलल्या. नमुने गेले हे दुःख होतंच. पण जिथे ते नाव रोज असायचं तिथे ते दिसलं नाही, हे त्यांना निराळ्याच जागी लागलं. मग त्यांनी मनाशी जुळवणी केली. जुनं फोल्डर कशाने तरी खराब होऊन पुसलं गेलं असणार. वन्संनी आत यायचा प्रयत्न केला, तेव्हा यंत्राने पडद्यावरचं नाव घेऊन हे नवं, रिकामं फोल्डर करून ठेवलं असणार. तसं असेल तर हे रिकामं आधी काढून टाकावं, म्हणजे दुकानातून माणूस बोलावून पुसलेलं परत आणताना घोळ होणार नाही. विचार बिनचूक होता, फक्त त्याचा पायाच चुकीचा होता.

"काय करतेस?" मागून वन्सं म्हणाल्या.

"हे नवं उपटलंय ना तुमच्या नावाचं, ते काढते. नुसती अडगळ आहे."

त्यांनी फोल्डरवर बोट ठेवलं, पुसायचा पर्याय निवडला. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं का, परत मिळणार नाही. बाईंचा बाण "हो"वर गेला.

"वहिनी, थांब."

बाई थांबल्या.

"ते पुसू नकोस. ती अडगळ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते नवं नाही. ते दादाचंच आहे." वन्संनी लोकर गुंडाळलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि काढलं. "नाव मी बदललंय."

बाईंनी हळूच "नाही" दाबलं, माऊस सोडला आणि खुर्ची वळवली. खाली डॉक्टरांच्या दवाखान्यातलं यंत्र बारीक आवाजात फिरत होतं.

"कधी?"

"काल. तू डॉक्टरांकडे गेलीस तेव्हा. तुझं उघडंच होतं."

आता ओशाळायची पाळी बाईंची होती. उठताना आपलं अकाउंट बंद करा, हे त्या दारोदार सांगत फिरत आणि स्वतः भाजी करपेल म्हणून गॅस तेवढा बंद करून गेल्या होत्या.

"आणि सकाळपासून मला का नाही सांगितलंत? मी आता ते कायमचं घालवणार होते. टोपडं, वेल, बाही, सगळं."

"मला काय माहीत, नाव बदललं म्हणून घर हरवतं ते. आपण दारावरची पाटी बदलली तर पोस्टमन येतोच ना." वन्संचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आणि सांगणार काय होते? दादाचं नाव मी खोडलं, हे तुला तोंडाने सांगू?"

"पण खोडलंत कशाला?"

वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या आणि सांगू लागल्या. लोकरवाल्याने नेलेली फाईल त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उघडली होती. कुणी केली त्याचं नाव यंत्र फाईलच्या आत आपणच लिहून ठेवतं, ते त्याने वाचलं. मग दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला होता, "बाई, हे तर तुमच्या भावाचं नाव दिसतंय. विणायचे का ते? मग पुस्तकावर त्यांचंच घालू या."

"दादाने जन्मात सुई धरली नाही," वन्सं म्हणाल्या. "त्याचं तुटलेलं बटणसुद्धा मी लावायचे. शाळेत नमुने माझे आणि बक्षीस मुख्याध्यापिकेला. ते मी सोसलं, नोकरी होती. पण आता म्हातारपणी दादाच्या नावाने पुस्तक? मला वाटलं, आत कुठेतरी त्याचं नाव बसलंय, ते काढलं की झालं. ते फोल्डर दिसलं, काढलं. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

"हे काय नवीन?"

"तू हो म्हणाली असतीस आणि मग दिवसभर गप्प राहिली असतीस. ते तुझं गप्प राहणं मला सहन होत नाही. भांडलीस तर बरं."

ऑपरेटरबाईंनी उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी ऐकायची टाळली होती, आणि हे आपल्याच घरातलं बोलणं इतकी वर्षं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. त्या उठल्या, वन्संच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना विणकाम येत असतं, तर बाही नक्की नकाशासारखी सरळ आली असती."

"आणि गळ्यातून डोकं आत गेलंच नसतं," वन्सं म्हणाल्या.

दोघी हसल्या. मग बाई पुन्हा खुर्चीत बसल्या आणि पदर खोचून कामाला लागावं तशा कामाला लागल्या. फोल्डरला नवऱ्याचं नाव परत दिलं. एकेक अक्षर टाइप करताना त्या घाई करत नव्हत्या. यंत्र बंद केलं, चालू केलं. वन्संनी पासवर्ड टाकला. पुन्हा निळा पडदा. वन्संनी डोळेच मिटून घेतले.

"धीर धरा. ते अजून कालचंच धरून बसलंय," बाई म्हणाल्या. आत एका जागी यंत्राने वन्संच्या अकाउंटच्या दोन नोंदी करून ठेवल्या होत्या, एक खरी आणि एक तात्पुरती. बाईंनी तात्पुरती काढली, खरी तिच्या जागी बसवली आणि परत एकदा यंत्राला झोपवून उठवलं. या खेपेला लोकरीची गुंडी आली. तिच्यामागून फायली आल्या, ओळीने. वन्संनी शालीची वेल उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मग श्वास सोडला.

"आता वरणाला फोडणी देते," त्या उठत म्हणाल्या. "आहे तसंच राहू दे. पुस्तकावर दादा तर दादा."

"बसा खाली. फोडणी कुठे पळत नाही."

बाईंनी मग जे केलं ते त्यांनी काही वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, हे त्यांना करताना कळत होतं. त्यांनी एक नवं अकाउंट काढलं, आतबाहेर एकाच नावाचं, वन्संच्या. नावाच्या रकान्याशी येऊन त्या थांबल्या आणि कीबोर्ड वन्संकडे सरकवला. वन्संनी आपलं नाव टाइप केलं, मधलं अक्षर चुकलं, मागे घेतलं, परत टाइप केलं.

"वडिलांचं नाव लावू का?"

"तुमचं तुम्ही ठरवा."

वन्संनी ते लावलं, मग काढून टाकलं. "वडिलांनाही विणता येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

सगळे नमुने नव्या अकाउंटमध्ये आणले. खेरीज एक प्रत बाईंनी वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली, आणि गोदामाबद्दल वन्सं अक्षर बोलल्या नाहीत. जुन्या फायलींच्या आत मात्र अजून भावाचंच नाव होतं आणि ते एकेक करून बदलावं लागणार होतं. दुपारभर दोघी तेच करत बसल्या. बाई फाईलचं नाव वाचत, वन्सं आतला रकाना उघडून आपलं नाव घालत. सुरुवातीला वन्सं दर फाईलला अपराध्यासारखं वहिनीकडे बघत. थोड्या वेळाने बघायच्या थांबल्या. मग तर वेग इतका वाढला, की बाईंनाच वाचायला उशीर होऊ लागला.

"वहिनी, झोपलीस का?"

"तुमचं नाव तुम्हाला भारी आवडलेलं दिसतंय."

"उशिरा मिळालंय. लिहून घेते."

"ह्यांचं अकाउंट मी काढत नाही हं," बाई मध्येच म्हणाल्या. "रिकामं राहील. राहू दे."

"कोण काढ म्हणतंय? त्याचे नकाशे आहेत ना त्यात?"

"पाण्याच्या टाकीचे."

"मग असू देत. टाकी त्याची, टोपडं माझं."

लोकरवाला संध्याकाळी आला तेव्हा त्याला दारातच खुर्चीवर बसवण्यात आलं, कारण शेवटच्या दोन फायली राहिल्या होत्या. त्याने गुडघ्यावर पिशवी ठेवून निमूटपणे चहा घेतला. सगळं तयार झाल्यावर बाईंनी त्याच्यासमोर पहिली फाईल उघडून आतलं नाव दाखवलं.

"अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे ते नाव यंत्राचीच चूक होती तर."

"यंत्राची नव्हती, घराची होती," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पुस्तकावर हे घाला. हेच, आणि मोठ्या अक्षरात."

लोकरवाल्याने मान डोलावली आणि नमुन्यासाठी एक पान छापून मागितलं. प्रिंटर जरा कुरकुरला, मग त्याने बाहीचं पान बाहेर सोडलं. वर वन्संचं नाव होतं. वन्संनी कागद घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्यांनी तो इतका वेळ न्याहाळला, की लोकरवाल्याने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी त्याला खुणेनेच थोडा वेळ द्यायला सांगितलं. बाईंना वाटलं, नाव डोळे भरून बघून घेताहेत.

"हे असं छापायचं नाही," वन्सं म्हणाल्या.

"काय झालं? नाव चुकलं?"

"नाव कसलं चुकतंय. ही कोपराजवळची ओळ बघ. इथे सुलट हवा, उलट पडलाय. असं विणलं तर बाहीला कुबड येईल आणि लोक म्हणतील, बाईला विणता येत नाही." त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. "सरक वहिनी. आणि त्यांना अजून एक कप चहा दे, बाकीच्याही एकदा बघून घेते."

लोकरवाल्याने पिशवी गुडघ्यावरून खाली जमिनीवर ठेवली. ऑपरेटरबाई चहा टाकायला उठल्या.